दस्त्यावरचा गाल

सिकंदराबादेत गोविंदराव पांचाळांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. तरीही बंदुकीचं लाकूड बसवणारा असा कारागीर आता या शहरात दुसरा उरलेला नाही, म्हणून लोक चार शिव्या खाऊन का होईना, बाजारामागच्या गल्लीतला त्यांचा अंधारा जिना चढतात. जुनी लायसनची हत्यारं असतात. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या पणजोबांची. वर्षातून एकदा खंडेनवमीला पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि परत कपाटात कोंडायची. नवरात्राच्या तोंडावर गोविंदरावांना घास गिळायलाही फुरसत नसते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चिक्कडपल्लीहून हिम्मतराव बिरादार आले. वय एक्याऐंशी, पण पाठ अशी ताठ की जिनासुद्धा कठड्याला न धरता चढले. मूळचे उदगीरकडचे शेतकरी, शहरात येऊन साठ वर्षं झाली, तरी बोलणं अजून बांधावर उभं राहून हुकूम सोडल्यासारखं. मागे मुलगा प्रशांत, पन्नाशीला टेकलेला, सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावरचा. त्याने चादरीत गुंडाळलेली रायफल तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. आणि त्याच्या मागे, दोन पायऱ्या खाली, सून शिल्पा.

चादर सोडवली. रायफल शंभर वर्षांची, मागचा लाकडी दस्ता अस्सल अक्रोडाचा. तो दस्ता नेमका मानेत, म्हणजे मूठ आवळतात त्या बारीक जागी तडकून लोंबत होता.

"पडली," हिम्मतराव म्हणाले. "सूनबाई पुसत होती. निसटली हातातून."

गोविंदरावांनी तडकलेल्या जागी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "तेल कोण पाजतं हिला?"

"आम्हीच की. दर नवमीला. आजोबांपासूनचा रिवाज आहे. पावशेर तीळतेल चोळायचं, मग फुलं वाहायची."

"अहो, रायफल आहे का लोणच्याची फोड? शंभर वर्षं तेलात मुरवलीत. लाकूड आतून नासलंय. पडायचं नुसतं निमित्त झालं, नाहीतर तुम्ही शिंकला असता तरी मोडली असती!"

प्रशांत दचकला. बापाशी असं बोललेलं त्याने जन्मात ऐकलं नसावं. हिम्मतराव मात्र हसले. त्यांच्या हसण्याची एक तऱ्हा होती, ओठ हलायचे आणि डोळे होते तिथेच राहायचे.

"नवमीपर्यंत पाहिजे. भंगलेलं हत्यार पूजेला चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको."

"बघतो."

"बघतो नक्को, गोविंदराव. करतो म्हणा."

"करतो," गोविंदराव म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी हा शब्द दिला आणि पाळला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

बापलेक जिना उतरले. शिल्पा चप्पल घालायला म्हणून मागे रेंगाळली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची बाई, चेहरा असा की गर्दीत लक्षातही राहू नये. ती वाकून चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली आणि मान वर न करताच म्हणाली, "काका, ही नीट करू नका."

"काय?"

"पाया पडते तुमच्या. नीट होत नाही म्हणून सांगा. ही घरी परत आली तर माझं काही खरं नाही."

खालून हाक आली, "शिल्पा!" आवाज चढलेला नव्हता, पण ती विंचू डसल्यासारखी ताठ झाली आणि खाली पळाली.

आता घ्या! एकाने शब्द घेतला आणि दुसरीने पदर पसरला. गोविंदरावांनी स्वतःशी दोन शिव्या हासडल्या. लोकांच्या घरातली भांडणं आपल्या टेबलावर कशाला, असं म्हणून त्यांनी ती गोष्ट डोक्यातून काढून टाकली. म्हणजे टाकायचा प्रयत्न केला. काम आधी, बाकीचं मागून.

तेलकट लाकडाला जोड धरत नाही. आधी तेल ओढून काढावं लागतं. गोविंदरावांच्या वडिलांची त्याची एक रीत होती, दस्ता नळीपासून सोडवायचा, खडूची बारीक पूड कालवून त्याचा जाड लेप द्यायचा आणि गच्चीवर उन्हात टाकायचं. ऊन लागलं की लाकूड घामेजतं, तेल वर येतं, खडू ते पितो. पांढरा लेप तपकिरी झाला की झटकायचा आणि नवा द्यायचा. चार लेपांत भलंभलं लाकूड कोरडं होतं.

पहिला लेप त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला. मानेपाशी सगळं तपकिरी झालं होतं, ते अपेक्षितच होतं. पण दस्त्याच्या मागच्या रुंद भागावर, उजव्या बाजूला, एक वेगळाच डाग उठला होता. तळहाताएवढा. वर गोलसर, खाली निमुळता. गोविंदरावांनी चष्मा पुसला. डागाच्या एका कडेला बारीक बारीक रेघा होत्या. केस असावेत तशा.

नेम धरताना माणूस दस्त्याला गाल टेकतो. वर्षानुवर्षं टेकला की गालाचं तेल, घाम लाकडात मुरतो, यात नवल काही नाही. कुठलाही जुना दस्ता हातात द्या, वापरणारा किती उंच, किती जाड, दाढीवाला की बिनदाढीचा, हे गोविंदराव सांगत. पण उजव्या हाताने चालवणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो. हा उजवीकडे होता. म्हणजे डावखुऱ्या माणसाचा डावा गाल. आणि जागा पाहिली तर माणूस बुटका, हात आखूड, चेहरा लहान.

त्यांनी वाकून वास घेतला. तीळतेल नव्हतं ते. माका, थोडा कापूर, थोडा जास्वंद. घरी कढवलेलं बायकांचं केसांचं तेल.

"अय्यो," गोविंदराव म्हणाले, आणि गच्चीवर आपल्याशिवाय कुणी नाही हे त्यांना एकाएकी जाणवलं. खाली गल्लीत बतुकम्माच्या सणाची फुलं विकणाऱ्या बाईचा आवाज येत होता, एवढाच काय तो आधार.

दुसरा लेप दिला. दुसऱ्या दिवशी गाल आणखी स्पष्ट झाला. आता कानाची पाळीही उमटली होती, कानातल्याच्या भोकासकट. गोविंदरावांनी दस्ता उलटा करून ठेवला. मग वाटलं, आपण घाबरलो की काय? म्हणून सुलटा केला. मग पुन्हा उलटा. बासष्ट वर्षांचा बाप्या आणि हे चाळे! पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. गाल लाकडावर असला तरी त्यापुढचा डोळा कुठे असेल, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं, आणि त्या डोळ्याच्या रेषेत उभं राहायला त्यांना नको वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी हिम्मतराव रिक्षाने एकटेच आले. काम कुठवर आलं ते पाहायला म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते, चेहरा ओढलेला. गोविंदरावांनी दस्ता पुढे केला.

हिम्मतराव खूप वेळ पाहत राहिले. घाबरले नाहीत, दचकले नाहीत. गावाकडचं कुणी ओळखीचं भेटावं तसे पाहत राहिले.

"भामा," ते म्हणाले.

"कोण भामा?"

"माझी बायको. जाऊन सोळा वर्षं झाली. डावखुरी होती. असंच तेल कढवायची घरी, सगळं घर माक्याने घमघमायचं. रायफल तीच पुसून ठेवायची, रोज दुपारी."

"पुसताना गाल कसा लागेल, हिम्मतराव?"

हिम्मतराव नुसते हसले, पुन्हा ते तसलंच. "तो डाग घालवू नका," म्हणाले. "राहू द्या. मान तेवढी पक्की करा."

ते गेल्यावर गोविंदरावांनी डागाचा पुन्हा वास घेतला. सोळा वर्षांपूर्वीचं तेल लाकडात राहिलं तर चिकट होतं, खवट मारतं. नाक दाबून काम करावं लागतं. हे तेल ताजं होतं. महिना-दीड महिन्यापूर्वीचं, फार तर. मेलेल्या बाईचं तेल, आणि ताजं!

त्या संध्याकाळी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. चौथ्या दिवशी उन्हात तिसरा लेप झटकला. गाल एक नव्हता. ताज्या डागाच्या मागे, बोटभर वर, आणखी एक डाग उठला होता, काळपट, घट्ट, जुना. त्याचा वास खवट होता. दोन गाल, एकामागे एक, दोन्ही डावे. एकाच आरशात दोघी डोकावल्यासारखे.

शिल्पा आली ती सहाव्या दिवशी, दुपारी तीनला. नारायणगुड्याला फुलं आणायला जाते असं सांगून निघाली होती. धाप लागली होती. तिने टेबलावरचा दस्ता पाहिला, त्यावरचे डाग पाहिले आणि डाव्या हाताची बोटं आपल्या डाव्या गालावर नेली. तिथेच गोविंदरावांना कळलं.

"तेल तुमचं," ते म्हणाले.

"सासूबाईंनी शिकवलं कढवायला. मीच करते अजून."

"आणि गाल?"

ती बसली. पाणी प्यायली. मग बोलली, ते असं, की आवाज एकदाही हलला नाही.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. सासूबाई गेल्या आणि मामंजी म्हणाले, घरात बाईमाणूस पाहिजे. नोकरी सुटली. "मारलं नाही, शिवी दिली नाही कधी. खोटं कशाला बोलू? नुसतं 'शिल्पा' म्हणतात. दिवसातून शंभरदा. पाणी पाहिजे म्हणून नाही हो काका, मी आहे का ते बघायला. ओ दिली की गप्प. सोळा वर्षांत मी एक कप चहा गरम प्यायले नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, बाबा आहेत, किती दिवस राहणार. ते राहिलेच!"

दुपारी जेवण झालं की हिम्मतराव दिवाणखान्यातल्या खुर्चीत झोपत. रायफल त्याच खोलीतल्या कपाटात. एकदा पुसता पुसता तिने ती सहज खांद्याला लावली. नेमाच्या खाचेतून पाहिलं. खाचेत मामंजींचं कपाळ आलं.

"आणि काका, इतकं शांत वाटलं की काय सांगू. सकाळपासून छातीत जे धडधडत असतं ना, ते थांबलं. दोन मिनिटं धरली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. आठ वर्षं झाली. रिकामीच असायची हो, काडतुसं त्यांच्या कुलुपात. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं."

"आणि मग?"

"पितृपंधरवड्यात त्यांनी मला किल्ली दिली. म्हणाले, नवमीच्या पूजेला काडतुसं लागतात, पुसून ठेव. इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती." ती थांबली. "एक माझ्याकडे ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका. त्या दुपारी ते आत घातलं. गाल टेकला. आणि चाप ओढला."

गोविंदराव स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"ठक्क झालं नुसतं. उडालीच नाही. त्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले. सरळ नळीत पाहिलं, काका, सरळ नळीत! आणि हळूच म्हणाले, 'तू पण डावीकडूनच धरतेस. भामासारखी.'"

रायफल तेव्हा तिच्या हातातून सुटली होती. फरशीवर मानेवरच पडली. आवाजाने शेजारची बाई धावून आली, तिला हिम्मतरावांनीच सांगितलं, पुसताना निसटली म्हणून. शिल्पाने आत नेऊन काडतूस काढून घेतलं.

"म्हणजे ते झोपत नव्हते," ती म्हणाली. "आठ वर्षं त्यांना माहीत होतं. आता रायफल नाही, तर दुपारी डोळा लागत नाही त्यांचा. खुर्चीत टक्क उघड्या डोळ्यांनी बसतात आणि माझ्याकडे बघतात. वाट बघतात हो माझी! ती परत घरात आली तर माझा हात जाणार, मला ठाऊक आहे. त्या दिवशी काडतूस फुसकं निघालं म्हणून मी खुनी झाले नाही. पुढच्या वेळी चांगलं निघेल."

तिने पर्समधून रुमाल काढला, रुमालातून काडतूस, आणि टेबलावर ठेवलं. मग फुलं घ्यायला निघून गेली, कारण उशीर झाला तर हाक येईल.

गोविंदरावांनी काडतूस भिंगाखाली धरलं. बुडाची तांब्याची टोपी आरशासारखी गुळगुळीत होती. फुसकं काडतूस असलं तरी चाप ओढला की आतली पिन टोपीवर आपटतेच, खळगा पडतोच. इथे ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे काडतूस चांगलं होतं. पिनच पोचली नव्हती.

त्यांनी नळीमागचा बोल्ट उघडला आणि त्यातली पिन बाहेर काढली. टोक दोन ज्वारीच्या दाण्यांएवढं घासलेलं होतं. झिजलेलं नव्हे, कानशीने घासलेलं, कडा नीट गोल करून, आणि बुडाशी ठिपक्यांची बारीक चांदणी ठोकलेली. ज्या भागाला हात लावला त्यावर ती चांदणी ठोकायची, ही खूण या शहरात एकाच माणसाची होती. गोविंदरावांच्या वडिलांची.

आणि मग त्यांना आठवलं. चाळीस वर्षं तरी झाली असतील. ते तेव्हा नुकतेच दुकानात बसायला लागले होते. एक बाई आली होती, डोक्यावर पदर, हातात चादरीचा लांब गुंडाळा. वडील म्हणाले, गोविंदा, दोन चहा सांगून ये. चहा घेऊन परत आले तेव्हा बाई गेली होती आणि दुकानात माक्याचा वास भरून राहिला होता. कोण होती म्हणून विचारलं तर वडील म्हणाले, एका शहाण्या बाईने स्वतःच्या हाताला कुलूप घालून घेतलं.

भामाबाईंनी पिन घासून घेतली होती. शहरात बार काढायची सोय नाही, त्यामुळे चाळीस वर्षांत ती रायफल उडत नाही हे कुणालाच कळलं नव्हतं. आपल्या हातून काही होऊ नये म्हणून बाईने उपाय केला आणि मग निर्धास्तपणे मरेपर्यंत रोज दुपारी नवऱ्याच्या कपाळावर नेम धरत राहिली. काळपट डाग तिचा होता.

गोविंदराव दोन दिवस कामाला हात लावू शकले नाहीत. वडिलांच्या रीतीने जायचं तर सोपं होतं. मान जोडायची, पितळी दांडी घालायची, घासलेली पिन तशीच ठेवायची आणि रायफल परत द्यायची. शब्द पाळला जाईल, पूजा होईल, कुणी मरणार नाही. वडिलांनी तेच केलं होतं आणि देवमाणूस म्हणून लोक त्यांचं नाव काढतात. पण डोळे मिटले की ते दोन गाल दिसत. एक पुरा मुरलेला. दुसरा मुरत चाललेला.

अष्टमीला सकाळी त्यांनी शिल्पाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पिनेचं, चांदणीचं, भामाबाईंचं.

"म्हणजे सासूबाईंना माहीत होतं, उडणार नाही," शिल्पा म्हणाली.

"हो."

"तरी रोज धरायच्या."

"हो, बाई."

"आणि मला हे कळल्यावर मी पण धरली असती. मरेपर्यंत. कुणाचं काय बिघडतंय म्हणून." ती एकदम रडायला लागली, मोठ्याने, घरात कुणी ऐकेल याची पर्वा न करता. पलीकडून हाक आलेली गोविंदरावांनी फोनमध्ये ऐकली. "शिल्पा!" ती रडतच राहिली. ओ दिली नाही. दुसरी हाक आली. तिसरी आली. मग ती म्हणाली, "काका, मी उदगीरला इंदुताईकडे चालले. माझी थोरली बहीण. साडेदहाची बस मिळेल," आणि फोन ठेवला.

नवमीला सकाळी हिम्मतराव आणि प्रशांत रायफल न्यायला आले. गोविंदरावांनी टेबलावर रायफलचे दोन तुकडे ठेवले होते, एक नळीचा, एक दस्त्याचा. मान तशीच, तडकलेली. जन्मात पहिल्यांदा ते गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून उभे होते, आणि तरी त्यांना बरं वाटत होतं.

"होत नाही," ते म्हणाले. "लाकूड मेलंय."

हिम्मतरावांनी दस्त्याचा तुकडा उचलला, तुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला. त्यांना लाकडातलं कळत होतं. "होत नाही का करत नाही?"

"करत नाही."

"तुमचे वडील असे नव्हते, गोविंदराव."

"चुकलं त्यांचं."

हिम्मतराव रागावले नाहीत. त्यांनी तुकडे चादरीत स्वतः गुंडाळले. "हरकत नाही. पूजा यंदा तलवारीची करू. ही दुसरीकडे देतो. दस्ता नवा घालतील, आणि पिन पण बघायला सांगतो. त्या दिवशी नुसतं ठक्क वाजलं. भरलेली असून."

भरलेली असून! म्हाताऱ्याला ठाऊक होतं. किल्ली दिली तेव्हापासून ठाऊक होतं. "हिम्मतराव," गोविंदरावांनी विचारलं, "तुम्हाला मरायचंय का?"

"छे छे," हिम्मतराव म्हणाले, जणू कुणी साखर कमी आहे का म्हणून विचारलं. "झोप लागते हो. कुणीतरी पुरतं लक्ष ठेवून आहे असं वाटलं की झोप लागते. नाहीतर नाही लागत." आणि ते कठड्याला न धरता जिना उतरले.

प्रशांत चादर घेऊन मागे थांबला. त्याने दाढी केली नव्हती. "काका, दुसरीकडे दस्ता करताना माप विचारतील ना? दोन बोटं आखूड सांगू का? माझे हात आखूड पडतात."

"तुझे हात कशाला?"

"शिल्पा माहेरी गेलीय ना. नवरात्रात अशी न सांगता. बाबा झोपेनात." तो ओशाळून हसला. "काल दुपारी मला समोर बसवलं. काठी दिली हातात. म्हणाले, रायफल येईपर्यंत ही धर. मी म्हटलं, काय बाबा हे, लोक हसतील. तर म्हणाले, धरून तर बघ."

"धरलीस?"

"धरली." प्रशांत जिन्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती आणि लाजेच्या खाली काहीतरी निवलेलं होतं. "एक विचारू, काका? मला वाटलं होतं भीती वाटेल. पण किती शांत वाटतं, नाही?"

गोविंदरावांनी त्याचं मनगट धरलं. "घरी जाऊ नकोस. ऐक माझं. इथूनच बस पकड आणि शिल्पाकडे जा. आत्ता."

"आज? आज पूजा आहे काका. घरात करणारा मी एकटाच आहे." त्याने हलकेच मनगट सोडवून घेतलं. खालून हाक आली. "प्रशांत!" आणि पन्नास वर्षांचा तो माणूस दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला.

गोविंदराव खिडकीशी धावले. रिक्षाला झेंडूची माळ बांधलेली होती. प्रशांत बापाशेजारी बसला, चादर मांडीवर आडवी घेतली, आणि नळीचं टोक हिम्मतरावांच्या बरगडीला टेकलं. गोविंदरावांनी वरून हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या, पण गल्लीत ढोल वाजत होते. हिम्मतरावांनी मान मागे टाकली, आणि रिक्षा सुरू व्हायच्या आतच त्यांना झोप लागली.